अंगठ्याची फट

अजमानच्या औद्योगिक वस्तीत,
टायरवाल्यांच्या दोन दुकानांमध्ये आमचा कारखाना.
इथे पाय होतात.
भिंतीवर प्लॅस्टरचे साचे, प्रत्येकावर पेन्सिलनं
नाव, तारीख, आणि कुठली बाजू.

मुश्ताक हुर्झुक. उजवा. गुडघ्याखाली.
दाभोळचा. लाँचीवर इंजिन बघायचा.
दोराच्या पिळात पाय गेला तेव्हा
खाडीला भरती होती, एवढंच सांगतो.
बाकीचं विम्याच्या कागदात, अरबीत.

फॉर्म भरताना त्यानं बोट ठेवलं, इथे काय लिहिलंय?
म्हटलं, निर्धाराची माणसं. इथे तसंच म्हणतात.
"आणि आपल्याकडे?"
दिव्यांग.
"आमच्या वाडीत लंगडा.
तीन नावं झाली, मॅडम. पाय एकच."

जुलैत सिलिकॉनच्या मोज्यात घाम साठतो,
चार वाजेपर्यंत चमचाभर.
मग चालता चालता पाऊल फिरतं.
माणूस बघत असतो बसथांब्याकडे,
बोटं बघतात ज्यूसच्या दुकानाकडे.
मोजा उतरवून पुसायला एक सावली लागते,
एक बाक. फार नाही.
औषधाच्या दुकानाला उतार आहे, संगमरवरी,
आणि उताराच्या तोंडाशी
कुणीतरी हौसेनं ठेवलेली बोगनवेलीची कुंडी.

दुसऱ्या फेरीला तो म्हणाला,
ह्या पायात चप्पल जात नाही.
मी कॅटलॉग उघडला. पंधरा पानं पावलं,
सगळी बुटासाठी,
बोटं एकमेकांना चिकटलेली,
झोपेत मिठी मारलेल्या मुलांसारखी.
"बूट घालून खोलीत कोण फिरतं?
आठ जण आहोत. दाराशी आठ जोड निघतात.
माझा एकच बूट आत येतो."

मग हळूच,
"आणि वजूला."
तो पाय धुवावा लागत नाही,
त्यानं मौलवींना विचारलंय.
तरी धुतो.
"एकाला पाणी द्यायचं आणि दुसऱ्याला
बाहेर उभं करायचं, बरं नाही दिसत."
मी नट-बोल्टचा गंज दाखवून ओरडले.
त्यानं ऐकून घेतलं,
जसं आपण डॉक्टरांचं ऐकून घेतो.

मी मिरजेची. वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे.
कानस फिरवायची, तार छेडायची, थांबायचं.
पुन्हा कानस, केसाएवढी.
किती घासायचं ते घोडीला विचार, म्हणायचे,
पुस्तकात नसतं.

जेवणाच्या सुट्टीत मी नवं पाऊल घेतलं,
बँडसॉ लावली, आणि अंगठा वेगळा केला.
रबराचा जळका वास.
त्या क्षणी कंपनीची हमी संपली.
कानस घेऊन फट घासली,
थोडी, मग थोडी,
हवाई चप्पलचा निळा पट्टा आत बसेपर्यंत.

तो उभा राहिला. समांतर दांड्या सोडल्या.
फट्.
मग रबराचा, जरा बसका, दुसरा फट्.
दोन स्वर जुळत नव्हते.
मी टाचेखाली एक पातळ पट्टी सरकवली,
तो पुन्हा चालला, मी पुन्हा ऐकलं.
जुळले नाहीतच. पण भांडायचे थांबले.

बाहेर पडताना म्हणाला, "येतो, बाय."
मला वाटलं, इथल्यासारखा निरोप घेतोय.
तो गल्लीच्या टोकाला पोचल्यावर कळलं,
कोकणातल्या माणसानं
मला घरातली हाक मारली होती.

सप्टेंबरात परत आला.
फटीत वाळू, पट्ट्यानं रबर खाल्लेलं,
बोल्ट लाल.
तपासणीच्या कागदावर रकाना होता,
झीज, आणि तिचं कारण.
मी लिहिलं: नेहमीची.
आणि ड्रॉवरमधली कानस काढली.